मुलांना जरूर विचारा, पण जपून

गोव्यातल्या बालदारिद्र्यावरच्या समितीचे अध्यक्ष झालात, अभिनंदन! मुलांचंही म्हणणं ऐकून घ्या, असं वरून पत्र आलंय म्हणे. घाबरू नका. १९८९च्या बालहक्क कराराचं बारावं कलम तेवढं वाचून ठेवा. भारताने हा करार १९९२मध्ये स्वीकारला. मुलाला स्वतःशी संबंधित प्रत्येक बाबीत मत मांडू द्यावं आणि त्याचं वय नि समज बघून त्या मताला वजन द्यावं, असं त्यात आहे. ‘वय नि समज’ हे तुमच्यासाठीच लिहिलंय. मत पटलं तर पोर वयाच्या मानाने हुशार, नाही पटलं तर अजून लहान आहे बिचारं.

भाषणासाठी एक आकडा पाठ करा. नीती आयोगाच्या २०२३च्या अहवालानुसार गोव्यात बहुआयामी दारिद्र्य, म्हणजे आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान यांवरून मोजलेली गरिबी, अवघी ०.८४ टक्के. टाळ्या पडतीलच. हा हिशेब ज्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणावरून केला, त्यातच गोव्याच्या पाच वर्षांखालच्या पोरांतलं चारातलं एक वयाच्या मानाने खुजं निघालं, आणि हे प्रमाण आधीच्या फेरीपेक्षा वाढलेलं. तो आकडा घरीच राहू द्या. गोव्याने २००३ साली स्वतःचा बाल कायदा केला, हे मात्र सांगा. त्यालाही टाळ्या असतात.

आता मुलं निवडायची. वक्तृत्व स्पर्धेतली घ्या. ज्याच्या नळाला चोवीस तास पाणी, तोच पाणीटंचाईवर मुद्देसूद बोलतो. झुवारीनगर, बायणा, मोतीडोंगर अशा स्थलांतरित मजुरांच्या वस्त्यांमधल्या भाड्याच्या खोल्यांतली किंवा बांधकामावरच्या पत्र्याच्या खोपीतली पोरं चुकूनही आणू नका. ती घरी कन्नड, शाळेत मराठी, रस्त्यावर कोकणी आणि साहेबाशी हिंदी बोलतात. चार भाषांत तक्रार करणारं पोर कुठल्याच समितीला परवडत नाही. आपल्या कित्येक सरकारी मराठी प्राथमिक शाळा अशाच पोरांच्या जिवावर उघड्या आहेत, हे खरं. पण त्यांना पटावर जागा दिलीय ना? लगेच पाटावर कशाला?

तरी कुणी आग्रह धरलाच, तर पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला मागा. आपल्याकडे बऱ्याच योजनांना तो लागतोच. नऊ वर्षांच्या पोराने तो मामलेदाराकडून कसा आणायचा, हा त्याचा प्रश्न.

बैठक कामाच्या दिवशी, पणजीत, सकाळी दहाला ठेवा. म्हणजे रोजंदारीवरचे आईबाप सोबत येत नाहीत.

प्रश्न मात्र तोलून मापून विचारा. ‘मोठेपणी कोण होणार?’ हा उत्तम. ‘आई कामावरून येईपर्यंत धाकट्याला कोण सांभाळतं?’ असलं काही विचारू नका, कारण मुलं उत्तर देतात. एखादी पाचवीतली मुलगी सरळ सांगून टाकेल, की खोलीमालक भाड्याचा कागद करून देत नाही, म्हणून पत्त्याचा पुरावा नाही, म्हणून घरात एकही योजना पोचत नाही. तुमचा पगारी सल्लागार ज्यासाठी सहा महिने आणि साठ पानं घेणार, ते ती पोर एका दमात सांगते. अशा वेळी तिच्या डोक्यावरून हात फिरवा, ‘गोड आहे गं’ म्हणा आणि समोसे वाटायला सांगा. इतिवृत्तात ‘घरगुती अडचणी’ एवढंच लिहा.

संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने २००९मध्ये या बाराव्या कलमावर सविस्तर टिप्पणी काढली. तुमच्या मताचं पुढे काय केलं, हे मुलांना परत सांगा, असा एक आगाऊपणा तिच्यात आहे. ते पान चटकन उलटा. मुलांचा फोटो अहवालाच्या मुखपृष्ठावर छापला की परत सांगण्यासारखं उरतं काय?

एवढं करूनही एखादा मुलगा पुढच्या बैठकीत उभा राहून ‘आमच्या सांगण्याचं काय झालं?’ म्हणून विचारेल. त्याचा जन्मदाखला तपासा. तोवर बहुधा त्याला अठरा पूर्ण झालेली असतील, आणि मग तो आपल्या समितीच्या कक्षेत येत नाही.