'ब्रदर्स'चे पझल सोपे आहेत, मान्य. पण कंट्रोलबद्दल नाही

माझ्या लेखाखालची तुमची कमेंट दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की 'ब्रदर्स: अ टेल ऑफ टू सन्स' हा व्हिडिओ गेम तीन-चार तासात संपतो, पझल शाळेतल्या पोरालाही सुटतील, दोन अंगठ्यांनी दोघा भावांना चालवणं म्हणजे नुसता वैताग, आणि त्यात रडण्यासारखं काय आहे. पहिल्या दोन गोष्टी मान्य, मी लेखात लिहायला हव्या होत्या.

पण तो वैतागच तर गेम आहे हो! डावा अंगठा मोठ्याचा, उजवा धाकट्याचा, आणि दोघे स्क्रीनवर बाजू बदलून चालायला लागले की डोकं गरगरतं, मलाही झालं, दोनदा कड्यावरून पाडलं त्यांना. मग तो दोरीचा भाग आठवतोय का, दोघे एकाच दोरीला बांधलेले, एकाने घट्ट धरायचं, दुसऱ्याने झोका घेऊन पुढचा आधार पकडायचा, मग याने सोडायचं. तिथपर्यंत माझे दोन अंगठे आपोआप एकमेकांकडे बघायला लागले होते. त्यांची भाषा बनावट, खाली सबटायटल नाहीत, तरी विहीर दिसली की धाकटा त्यात थुंकतो, एवढ्यात कोण कसा आहे ते कळतं. गेमचा दिग्दर्शक योसेफ फारेस आधी सिनेमे करायचा, ते यात दिसतं, आणि 2014 ला या गेमला बाफ्ताचं (ब्रिटिश अकादमीचं) इनोव्हेशनचं अवॉर्ड मिळालं ते माझ्या मते या कंट्रोलसाठीच.

(पुढे शेवट सांगतोय, ज्यांनी खेळला नाही त्यांनी थांबा.)

मोठा जातो, आणि डावा अंगठा रिकामा पडतो. दाबा, फिरवा, काही होत नाही. मला त्याच क्षणी भरून आलं, कुठल्या संगीतानं नाही, त्या रिकाम्या अंगठ्यानं. मग वादळात ती पूर आलेली नदी, आई पाण्यात बुडून गेलेली म्हणून धाकटा पाण्याला घाबरतो, आतापर्यंत मोठा त्याला पाठीवर घेऊन पोहायचा. उजवा अंगठा कितीही ढकला, पोरगा जागचा हलत नाही. मी तिथे किती वेळ अडकलो होतो, आणि मग सहज डावा दाबला आणि तो पोहायला लागला.

मला दादाने विहिरीत पोहायला शिकवलं, पाठीला डबा बांधून, पोटाखाली त्याचा हात. एक दिवस हात काढलेला मला कळलंच नाही, मी आपला हात आहे असं समजूनच पलीकडे गेलो.

म्हणून पझल अवघड असते तर बरं झालं असतं असं मला नाही वाटत, मग आपलं सगळं लक्ष कुलपं-किल्ल्यांत गेलं असतं. फोनमध्ये अजून असेल तर फक्त शेवटचा चॅप्टर परत लावा. नदीच्या पुढे एक लिव्हर आहे, धाकट्याला एकट्याला ओढवत नाही. तिथे कुठला अंगठा वापरलात ते मला नक्की कळवा.