तो ठिपका चिलटाचा नव्हता

काल रात्री मी शत्रूचं विमान अंगठ्यानं पुसायला गेलो.

हसा, हसून घ्या. हरभऱ्याला पाणी द्यायचंय अन् ह्या आठवड्यात रात्रीची लाईन. बारा वाजता मोटर सुरू करायची, तोवर जागायचं, म्हणून बसलो होतो. कॉम्प्युटरवर दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांच्या लढाईचा गेम लावला, स्पिटफायर हे ब्रिटिश लढाऊ विमान घेतलं, सहा हजार मीटर चढलो. निळ्या पडद्याकडे पाहून पाहून डोळ्यातून पाणी गळायला लागलं तेव्हा कुठं डावीकडे वर एक काळा ठिपका दिसला. आता आमच्याकडे ह्या दिवसांत बल्ब लावला की चिलटं, अन् बल्ब बंद केला की तीच सगळी मॉनिटरवर. परवा असल्याच एका चिलटाच्या मागं मी चार मिनिटं घिरट्या घातल्या, इंधन जाळलं, शेवटी ते उडालं आणि कीबोर्डवर येऊन बसलं. म्हणून काल म्हटलं, आता नाही फसत! अंगठा फिरवला. गेला नाही. थुंकी लावून घासला. तर त्या ठिपक्याला पंख फुटले, पंखांतून ठिणग्या निघाल्या, आणि माझा डावा पंख खाली. अंगठा अजून पडद्यावरच होता.

"बारक्या, मोटर!" बाहेरून बाबा.

शत्रू दिसतच नाही अशी तक्रार केली, की गेम बनवणाऱ्यांचं उत्तर ठरलेलं : खऱ्या लढाईतही असंच असायचं. कोणत्या खऱ्या लढाईत बाप्पा? दहा मीटर पंखांचं विमान दहा किलोमीटरवर कोनाच्या मापात साडेतीन मिनिटांएवढं भरते (एका अंशाची साठ मिनिटं). चांगला डोळा एक मिनिटाचा फरक ओळखतो. म्हणजे वैमानिकाला तिथं काहीतरी आहे हे दिसायला हवं. माझ्या १९२० पिक्सेल, म्हणजे १९२० बारीक ठिपके, रुंदीच्या पडद्यावर, ९० अंशाचं दृश्य ठेवलं तर, तेच अख्खं विमान होते एक पिक्सेल. एक! तेही पंख पूर्ण पसरलेले दिसले तर. समोरून येत असेल तर पंखांची नुसती कड दिसते, म्हणजे त्याहून कमी, आणि कडा गुळगुळीत करणारी ती सेटिंग उरलंसुरलं आभाळाच्या रंगात कालवून टाकते. झूम केलं तर दिसते, पण पोंगळीतून पाहिल्यासारखं, आणि तेवढ्यात बाकी सगळं आभाळ शत्रूला आंदण. ठिपका खाली जंगलावर उतरला की मग तर विषयच संपला.

पुण्याच्या चुलतभावानं यावर इलाज म्हणून फोर-केचा मॉनिटर घेतला. त्याला माझ्याहून कमी दिसते. पिक्सेल बारीक, म्हणून ठिपकाही बारीक! आणि ज्यानं मला गेल्या महिन्यात तीनदा पाडलं तो पठ्ठ्या रिझोल्यूशन मुद्दाम खाली आणून, पिक्सेल मोठे करून खेळते, म्हणजे त्याला माझं विमान तुरीच्या दाण्याएवढं. पैसे घालणारा आंधळा, आणि काटकसरी गरुड. त्यात गेममधल्या विमानांवर नावाच्या पाट्या लावायला बंदी, कारण ती म्हणे लबाडी.

"डोळे तपासून घे" म्हणणाऱ्यांबद्दल मी काही लिहीत नाही, घरात माय वाचते.

बरं, लहान विमान न दिसणं ही काही नवी तक्रार नाही, मान्य. १९६५ च्या युद्धात आपल्या नॅट ह्या छोट्या लढाऊ विमानानं पाकिस्तानच्या सेबर विमानांना रडवलं ते अर्धं ह्याच जोरावर. पंख जेमतेम पावणेसात मीटर, धड दिसायचंच नाही. आणि इंग्रजीत नॅट म्हणजे काय? चिलट! म्हणजे माझा काल झालेला गोंधळ ऐतिहासिकच म्हणायचा. दुसऱ्या महायुद्धातल्या हार्टमन ह्या जर्मन वैमानिकानं ३५२ विमानं पाडली, तोही न दिसता जवळ यायचा आणि मगच गोळी झाडायचा. पण त्याचं लक्ष्य मॉनिटर पुसत नव्हतं.

तर मोटर लावायला गेलो. अंधार, हातात बॅटरी, मागं बाबा. मधेच थांबले. "पाय, रोही हाय थ्या धुऱ्यावर." रोही म्हणजे नीलगाय. कुठं? "थे काय, बाभळीच्या उजव्या अंगाले." मी बॅटरी फिरवतोय, बाभूळ दिसते, अंधार दिसते, रोही नाही. त्यांनी ढेकूळ फेकलं. चार रोही धडाधड पळाले, तेव्हा आवाजावरून कळलं. बाबांचं वय ६३. झूम नाही, पाट्या नाहीत, बॅटरीसुद्धा माझ्या हातात.

"चष्मा कुठं हाय तुया?"

चष्मा मॉनिटरजवळ राहिला होता. म्हणजे, खरं सांगायचं तर, मॉनिटरजवळच असते तो. खेळताना हेडफोनच्या खाली काडी टोचते म्हणून मी काढून ठेवतो.

ह्यानं पिक्सेलचा हिशोब बदलत नाही, हे कृपया लक्षात घ्या. एक म्हणजे एकच.

सकाळी उजेडात पडदा पाहिला. डावीकडे वर, बरोब्बर त्याच जागी, अंगठ्याचा तेलकट ठसा. जेवताना ठेचा होता. आज बाराच्या आधी ओल्या फडक्यानं पुसून घेतो, नाहीतर आता तिकडून आख्खा बॉम्बर आला तरी दिसायचा नाही.