गोळ्या घेऊनही दिवस गेले म्हणजे गोळ्या बोगस नसतात

माझ्या धाकट्या जावेला दोन वर्षांपूर्वी माला-एन या गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना दिवस गेले. तेव्हापासून आमच्याकडे कुणी माला-एनचं नाव काढलं की "त्या गोळ्यांचं काय खरं नाही" हे ठरलेलं वाक्य. तिला विचारून लिहितेय, कारण मला हे वाक्य ऐकवत नाही आता.

झालं काय होतं, तर गौरी-गणपतीला गावी जाताना पाकीट पुण्यातच राहिलं. पाकीट कुठे, तर सासूबाईंना दिसू नये म्हणून कणकेच्या डब्यामागे, मग बॅग भरताना आठवणार कसं? एका पाकिटात २८ गोळ्या, त्यातल्या २१ पांढऱ्या हार्मोनच्या आणि शेवटच्या ७ चॉकलेटी त्या फक्त लोहाच्या. हिच्या चॉकलेटी नुकत्याच संपलेल्या, नवीन पाकीट सुरू करायचं आणि नेमके पहिले चार दिवस गेले, म्हणजे ७ आणि ४ मिळून ११ दिवस अंगात हार्मोनच नाही, तेवढ्यात बीज बाहेर पडू शकतं. चुकवायला सगळ्यात वाईट जागा हीच, आणि हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं हो! पाकीट हातात दिलं, "रोज एक घे" म्हटलं, झालं.

एकही न चुकवता घेतल्या तर वर्षभरात हजारात तिघींनाच दिवस जातात. आणि आपण बायका खरंच जशा घेतो, उपास, प्रवास, तापलेलं पोर, माहेरपण सगळं धरून, तर शंभरात साधारण सात. गोळी तीच, फरक नुसता चुकण्याचा.

एक राहिली तर आठवल्याबरोबर घ्यायची, भले त्या दिवशी दोन झाल्या तरी. दोन किंवा जास्त राहिल्या तर लगेच एक घ्या, पुढच्या रोज चालू ठेवा आणि सात दिवस कंडोम वापरा. पण हिच्यासारखं पहिल्याच आठवड्यात झालं आणि मधे संबंध आला असेल तर ७२ तासांच्या गोळीबद्दल (संबंधानंतर तेवढ्या वेळात घ्यायची तातडीची गोळी) डॉक्टरांना लगेच विचारा. गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांत उलटी झाली तर परत घ्यायची. टीबीचं रिफाम्पिसिन किंवा फिटच्या काही गोळ्या चालू असतील तर माला-एनचा असर कमी होतो, ते आधी सांगा. बीपी असेल, सिगारेट असेल, बाळ अंगावर पीत असेल तर विचारल्याशिवाय सुरूच करू नका. आणि सणाला पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या खातो ना आपण, त्यांच्या भरवशावर राहू नका, त्या यासाठी नाहीत.

जावेला सगळ्यांनी वेंधळी ठरवलं याचा मला फार राग आहे. गोळी लपवून घ्यावी लागली नसती तर ती बॅगेत गेली असती. लेक आता सव्वा वर्षाची आहे, गोड आहे, पण ते नऊ महिने ती कशी रडत होती ते मी बघितलंय. आता पाकीट देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर उघडं असतं आणि रात्री साडेनऊचा अलार्म भाऊजींच्या मोबाइलवर वाजतो, पाण्याचा ग्लास तेच आणून देतात.