पट्टा हातात, खुर्ची समोर

रिझल्ट लागलाय. माझ्या नावापुढे लिहिलंय: ६.८ किलोमीटर, १ तास ४ मिनिटं. एवढ्या वेळात माणूस वाटेत थांबून चपलेचा अंगठा शिवून घेऊनसुद्धा पोचतो. हे ४ मिनिटं-बिनिटं सगळं खोटं आहे आणि मी ते शांतपणे घेणार नाहीये, म्हणून हा लेख.

तर आमचा रनिंग क्लब वीकेंडला रिलेला गेला होता. १२ जण, दोन गाड्या, ३६ टप्पे, प्रत्येकाला तीनदा पळायचं, दिवसरात्र. ही आयडिया अमेरिकेतल्या ओरेगॉनची, तिथे १९८२ पासून माउंट हूडवरून समुद्रापर्यंत लोक असे पळतात. आपण कशाला पळायचं ते मला कुणी सांगितलं नाही, फॉर्म भरला गेला होता. बॅटनऐवजी एक पट्टा असतो, मनगटावर थाप मारली की गुंडाळला जातो. हा पट्टा पुढच्याच्या हातात जाईपर्यंत घड्याळ तुमच्या नावावर चालू. हे वाक्य नीट वाचा, माझं सगळं वाटोळं ह्याच वाक्याने झालंय.

टीममध्ये माझा नंबर आठवा. माझा दुसरा टप्पा रात्री २ वाजून १० मिनिटांनी सुरू झाला. डोक्याला दिवा, अंगात चमकणारं जॅकेट, कमरेला मागे लुकलुकणारा लाल दिवा, रात्री हे कंपल्सरी. आणि सांगायला आनंद होतो की मी पळालो. ४२ मिनिटांत संपवलं, वाटेत तिघांना मागे टाकलं. २ वाजून ५२ मिनिटांनी पोचलो, मनगटावरून पट्टा काढून हात पुढे केला आणि समोर नववा नाही.

समोर एक काका. पिवळं जॅकेट, गळ्यात शिट्टी, हातात पॅड, शेजारी घडीची रिकामी खुर्ची. रस्त्यावर चुन्याने आखलेला चौकोन, मी त्यात उभा.

"पुढचा कुठाय?"

"तेच बघतोय. जरा बसतो काका."

"खुर्ची धाव संपलेल्यांसाठी आहे."

"माझी संपली की."

"पट्टा हातात आहे," काका म्हणाले. "म्हणजे तुम्ही अजून धावताय."

मी म्हटलं मी उभा आहे. ते म्हणाले तुमची मर्जी, पण उभं राहू नका, पाय जखडतील, जागच्या जागी हलते ठेवा. ठेवले. रात्री तीनच्या सुमाराला बंद पडलेल्या ट्रकसारखा मागे लाल दिवा लुकलुकवत मी चौकोनात उड्या मारतोय, आणि नवीन येणाऱ्या प्रत्येक गाडीतले लोक उतरून मी आत्ताच पोचलोय समजून टाळ्या वाजवतायत. काका त्यांना थांबवायचं सोडून शिट्टी वाजवून जोर देत होते.

आमची गाडी समोर दिसत होती. पन्नास पावलांवर. काच बंद, दिवा बंद. मी म्हटलं पटकन जाऊन उठवतो.

"चौकोन सोडलात तर बाद."

"मग तुम्ही जा."

"मी पोस्ट सोडू शकत नाही."

आम्ही दोघं गाडीकडे बघत राहिलो. शिट्टी वाजवून झाली, त्या रात्री दर दोन मिनिटांनी वाजतच होती, त्याने कोण उठणार. (जपानमध्ये अशा रिलेला एकिडेन म्हणतात, पहिली १९१७ ची, क्योटो ते टोकियो. १९२० पासूनच्या हाकोनेच्या शर्यतीत १० जण दोन दिवसांत २१७ किलोमीटर पळतात, पट्ट्याऐवजी खांद्यावरून कापडी पट्टी असते. तिथे टीम फार मागे पडली की पुढच्याला दुसरी पट्टी देऊन सोडूनच देतात, आणि मागून धापा टाकत आलेल्या पोराच्या हातात त्याची पट्टी तशीच राहते. लोक रडतात म्हणे ते बघून. माझ्यासाठी कोण रडलं? आणि माझा पुढचा तर सुटलाही नव्हता, घोरत होता.)

शेवटी काकांनी स्वतःचा फोन काढला. नंबर सांगा. आता नंबर कुणाला पाठ असतात? माझा फोन गाडीत. मला जगात एकच नंबर पाठ आहे, बायकोचा. मी नको नको म्हणेपर्यंत काकांनी लावलाही, स्पीकरवर.

"ताई, तुमचे मिस्टर इथे चौकोनात आहेत."

बराच वेळ शांतता. मग बायको, "पडले का?"

"नाही, उभेच आहेत. तोच प्रॉब्लेम आहे."

"मग बसवा ना त्यांना."

"बसता येत नाही. पट्टा हातात आहे."

"कसला पट्टा? प्यायलेत का?"

"विचारतो," काका म्हणाले, आणि खरंच माझ्याकडे बघून विचारलं.

बायकोने नवव्याच्या बायकोला उठवलं, तिने नवव्याला फोन लावला, तो म्हणे तिसऱ्यांदा उचलला. तेवढ्यात मी मागे टाकलेले तिघं एकेक करून आले, पट्टा दिला आणि मोकळे झाले. त्यातला एक त्या खुर्चीत बसला. माझ्या समोर. पाणी पीत म्हणाला, "सोडू नका हां, मस्त चाललंय तुमचं."

३ वाजून १४ मिनिटांनी नववा आला, एका पायात बूट घालत. सॉरी नाही. "अरे, तू तर ३ वाजून १ मिनिटाने येणार होतास." कारण कॅप्टनने शीटमध्ये माझा वेग साडेसात मिनिटाला किलोमीटर धरला होता, मला न विचारता, आणि ह्याने अलार्म त्या हिशोबाने लावलेला. म्हणजे मी अपेक्षेपेक्षा जोरात पळालो हीच माझी चूक. बरं मान्य, ९ मिनिटं कॅप्टनच्या अंदाजाची. उरलेली १३ कुणाची? अलार्म वाजल्यावर बंद करून झोपलेल्याची. सगळी २२ माझ्या नावावर. मी आयोजकांना मेल केला, उत्तर एका ओळीचं: वेळ पट्टा दिल्यावर थांबते. गाडीच्या काचेवर मार्करने कोणी किती जणांना मागे टाकलं त्याच्या रेघा मारतात, माझ्यापुढे एकही नाही, कारण ते तिघं "पुन्हा पुढे गेले ना". कॅप्टन तर हसून म्हणाला, रात्रीचं तुला झेपत नाही वाटतं. सहा वर्षं ह्या लोकांबरोबर पहाटे पाचला उठतोय मी.

काल नवव्याने ग्रुपवर टाकलं, पुढच्या वर्षी हीच ऑर्डर ठेवू, आपलं ट्युनिंग चांगलं आहे. खाली अकरा अंगठे.

माझी चौकशी केलेला एकच माणूस. त्या रात्रीनंतरच्या सकाळी सहाला, मी तिसऱ्या टप्प्याची वाट बघत गाडीत वाकडा पडलेलो असताना, बायकोच्या फोनवर अनोळखी नंबरवरून मेसेज आला होता: "मिस्टर बसले का?"