‘एक्सप्लेन मी’ म्हणणाऱ्याला हसण्याआधी

कुणी ‘प्लीज एक्सप्लेन मी’ किंवा ‘सजेस्ट मी अ गुड बुक’ असं लिहिलं की लगेच त्याचा स्क्रीनशॉट फिरायला लागतो. खाली हसणाऱ्या इमोजींची रांग. लिहिणाऱ्याचं चुकलं हे कबूल, पण तो डोकं चालवून चुकलाय. ‘टेल मी’ चालतं, ‘शो मी’ चालतं, ‘टीच मी’ चालतं, मग ‘एक्सप्लेन मी’नेच काय घोडं मारलंय? हसणाऱ्यांपैकी किती जणांना याचं उत्तर देता येईल, याची मला दाट शंका आहे.

माझा राग आहे तो शाळेतल्या एका प्रश्नावर. देण्याच्या क्रियेला दोन कर्मं असतात, एक वस्तू आणि एक घेणारा. म्हणून ‘शी गेव्ह मी अ पेन’ आणि ‘शी गेव्ह अ पेन टू मी’. अर्थ तोच ठेवून वाक्य बदला, मार्क मिळवा, पुढे चला. त्यातून दोन समज डोक्यात पक्के बसतात: कुठलंही क्रियापद या साच्यात बसतं, आणि दोन्हींपैकी कुठलाही साचा कधीही वापरला तरी चालतं. दोन्ही समज चुकीचे आहेत.

आधी क्रियापदं घेऊ. गिव्ह, सेंड, शो, टेल, टीच, लेंड, हँड, पे यांना दोन्ही साचे चालतात. एक्सप्लेन, सजेस्ट, डिस्क्राइब, अनाउन्स, डोनेट, डेमॉन्स्ट्रेट यांना फक्त ‘टू’वाला. दोन्ही याद्या मोठ्याने वाचून बघा. पहिलीतले शब्द एका झटक्यात तोंडातून बाहेर पडतात. दुसरीतले लांब आहेत, किंवा त्यांचा जोर मागच्या अक्षरावर आहे. याला इतिहास आहे. जुन्या इंग्रजीत नामांना आपल्यासारखे विभक्तीचे प्रत्यय होते, अगदी चतुर्थीसुद्धा. ते झिजून गेले, आणि घेणारा कोण व वस्तू कुठली हे शब्दांच्या जागेवरून किंवा ‘टू’वरून ओळखायची वेळ आली. मूळच्या छोट्या क्रियापदांकडे दोन्ही सोयी आल्या. लॅटिन-फ्रेंच वाटेने आलेली लांबलचक मंडळी बहुतेक ‘टू’वरच थांबली.

आजचा इंग्रजी बोलणारा माणूस शब्दाची कुळी बघत बसत नाही, त्याच्या कानाला शब्दाचा घाट कळतो. म्हणून ‘ऑफर’ आणि ‘प्रॉमिस’ लॅटिनमधून आलेले असूनही, जोर पहिल्या अक्षरावर असल्याने, आतल्या गोटात सामील झाले. ‘ही प्रॉमिस्ड मी अ जॉब’ अगदी बरोबर. हा नियम गळका आहे, हेही सांगून टाकतो. ‘गॅरंटी’ लांब असून दोन कर्मं घेतो. ‘से’ एवढासा, अस्सल इंग्रजी, तरी ‘से मी’ चालत नाही. गंमत म्हणजे इंग्रजी मातृभाषा असलेली लहान मुलंही ‘आय सेड हर नो’ असली वाक्यं बोलतात. १९७९ मध्ये सी. एल. बेकर या भाषाशास्त्रज्ञाने अशाच क्रियापदांवरून प्रश्न मांडला होता: हे चूक आहे असं मुलांना सहसा कुणी बसून समजावत नाही, मग अमुक क्रियापदाला हा साचा चालत नाही हे त्यांना कळतं कसं? त्यावर पुढे पुष्कळ वाद झाले आणि अजूनही होतात. ज्या गोष्टीवर भाषाशास्त्रज्ञ इतकी वर्षं डोकं खाजवताहेत, त्यावरून आपण एखाद्याची अक्कल काढतो.

मराठी माणसाची अडचण आणखी वेगळी, कारण आपला ‘ला’ फार कष्टाळू आहे. ‘मला दिलं’, ‘मला सांगितलं’, ‘मला विचारलं’, ‘तिला अंगठी घेतली’, ‘लंडनला पत्र पाठवलं’, सगळीकडे तोच. मग ‘ला’ दिसला की ‘टू’ लाव हा सोपा मंत्र कामी येतो आणि ‘ही टोल्ड टू मी’, ‘आय आस्क्ड टू हिम’ तयार होतं. ‘ही बॉट अ रिंग टू हर’सुद्धा. तिथे हवं ‘फॉर’, कारण बाय, मेक, कुक, फाइंड यांत देणं नंतरचं. आधी वस्तू मिळवायची किंवा बनवायची, तिच्यासाठी. ‘ही बॉट हर अ रिंग’ म्हटलं तर ही कटकटच मिटते. म्हणजे एकच माणूस ‘एक्सप्लेन’ला हवा असलेला ‘टू’ गाळतो आणि ‘टेल’ला नको असलेला घुसडतो. माझ्या मते यावर उपाय एकच: क्रियापद सुटं पाठ करूच नये, वाक्यासकट करावं. ‘एक्सप्लेन समथिंग टू समबडी’, एवढं अख्खं.

लंडनवरून आठवलं. ‘आय सेंट अ लेटर टू लंडन’ बरोबर, पण ‘आय सेंट लंडन अ लेटर’ ऐकलं की लंडन म्हणजे तिथलं ऑफिस किंवा तिथली माणसं असंच वाटतं. कारण या साच्यात घेणारा खरोखर काही घेऊ शकणारा लागतो. शहर हे नुसतं ठिकाण, त्याच्या हातात काही पडत नाही. काही जण याच्या पुढे जाऊन म्हणतात की ‘आय टॉट देम फ्रेंच’मध्ये ते फ्रेंच शिकले असं सूचित होतं, आणि ‘टॉट फ्रेंच टू देम’मध्ये तशी खात्री नाही. मला हे जरा ताणलेलं वाटतं.

आता दुसरा समज, क्रम कुठलाही चालतो हा. ‘सीमाला काय दिलंस?’ याला आपण म्हणतो, ‘सीमाला पुस्तक दिलं.’ ‘पुस्तक कुणाला दिलंस?’ याला म्हणतो, ‘पुस्तक सीमाला दिलं.’ नवी माहिती क्रियापदाला चिकटून. हे आपल्याला कुणी शिकवलेलं नाही. इंग्रजीत तीच नवी माहिती वाक्याच्या शेवटी जाते, म्हणून पहिल्याला ‘आय गेव्ह सीमा अ बुक’ आणि दुसऱ्याला ‘आय गेव्ह द बुक टू सीमा’. मराठी कानाला हा फरक आधीपासून कळतो, फक्त त्याचा उपयोग करून घ्यायला शाळेत कुणी सांगितलं नाही.

त्यात वजनही आलं. ‘द नॉइज गेव्ह मी अ हेडेक’ हे शाळेच्या पद्धतीने बदलून ‘गेव्ह अ हेडेक टू मी’ केलं की कानाला खटकतं. पण त्या छोट्याशा ‘मी’च्या जागी ‘एनीवन हू सॅट निअर द विंडो’ ठेवा, ‘गेव्ह अ हेडेक टू एनीवन हू सॅट निअर द विंडो’, आणि तेच वाक्य सुरळीत होतं. लांब तुकडा शेवटी, सर्वनामं आधी. भाषाशास्त्रज्ञ जोन ब्रेसनन आणि सहकाऱ्यांनी २००७ च्या अभ्यासात फोनवरच्या खऱ्या संभाषणांतली अशी वाक्यं तपासली. लांबी, सर्वनाम आहे का, आधी उल्लेख झालाय का, सजीव की निर्जीव, अशा गोष्टी एकत्र धरल्या तर बोलणारा कुठला साचा निवडेल हे १०० पैकी ९० हून जास्त वेळा बरोबर सांगता येतं, असं त्यांना दिसलं. निवड इतकी ठरलेली असेल तर ‘अर्थ तोच ठेवून बदला’ या प्रश्नात आपण मुलांना नेमकं काय शिकवतोय?

कर्मणीचा घोळ तर विचारूच नका. ‘आय वॉज गिव्हन अ बुक’ हे साधं रोजचं इंग्रजी, पण आपल्याकडचे लोक ते लिहायला बिचकतात, कारण मराठीत ‘मी दिला गेलो’ म्हणजे मलाच कुणीतरी देऊन टाकलं. मग ‘अ बुक वॉज गिव्हन टू मी’ असं अवघडलेलं वाक्य येतं. व्याकरणाने ते शुद्ध असतं, त्यामुळे कुणी दुरुस्तही करत नाही.

आणि हे सगळं जुन्या क्रियापदांपुरतं आहे असं समजू नका. ‘टेक्स्ट मी द अ‍ॅड्रेस’, ‘ईमेल मी द फाइल’, ‘मेसेज मी द नंबर’. ही क्रियापदं काल-परवाची, पण छोटी, जोर पहिल्या अक्षरावर आणि अर्थ पाठवण्याचा, त्यामुळे आल्या आल्या दोन कर्मं घेऊन बसली. कुणी परवानगी मागितली नाही, कुणी स्क्रीनशॉटही काढले नाहीत.