शिखर शिंगणापूरच्या नावाने फिरणारा तो मेसेज

चैत्र लागला की आमच्या सातारा जिल्ह्यातल्या झाडून सगळ्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतो. त्यातला मजकूर थोडक्यात असा: शिंगणापूरला घरांना दारं नाहीत, कारण चोरी करणाऱ्यावर देव कोपतो, बायकांना देवाजवळ जाऊ देत नाहीत, मंदिर शिवाजी महाराजांनी बांधलं, महाशिवरात्रीला इथे शंकर-पार्वतीचं लग्न लागतं, कावडीत गंगाजल असतं, आणि मुंगी घाट चढल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही. वर फोटो शिखराचा, म्हणजे शिखर शिंगणापूरच्या डोंगरावरच्या शंभू महादेवाच्या देवळाचा. खाली ‘दहा जणांना पाठवा’ हे आलंच.

पहिले दोन मुद्दे चटकन उरकतो, कारण ते या डोंगराचे नाहीतच. दारं नसलेली घरं शनिशिंगणापूरची. ते नेवासा तालुक्यात, सोनईजवळ, अहिल्यानगर जिल्ह्यात. आपलं शिखर माण तालुक्यात, फलटण-दहिवडीच्या बाजूला. दोन्हींत दीडशे किलोमीटरहून जास्त अंतर आहे, आणि देवही वेगळे. गंमत म्हणजे शिखराच्या पायऱ्या चढताना माणूस आधी मान वर करून बघतो ते दगडी दरवाजेच. त्यातल्या एकाला शेंडगे दरवाजा म्हणतात. ज्या गावाची ओळखच अशा दरवाजांनी होते, त्याला बिनदाराचं ठरवायचं म्हणजे कमाल आहे. बायकांचा मुद्दाही तिकडचाच. तो वाद शनीच्या चौथऱ्यावरून होता आणि उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर एप्रिल २०१६ मध्ये, गुढीपाडव्याला, चौथरा महिलांना खुला झाला. म्हणजे तिकडच्या बाबतीतसुद्धा मेसेज शिळाच.

आता लग्न. इथे मात्र मला जरा थांबायचंय. महाशिवरात्रीला शिखरावर गर्दी असते, श्रावणी सोमवारीही असते. पण शंभू महादेवाचं लग्न लागतं चैत्र शुद्ध अष्टमीला, रात्री. त्याआधी पंचमीला देवाला हळद लागते. अष्टमीलाच महादेवाच्या कळसापासून समोरच्या बळीच्या, म्हणजे अमृतेश्वराच्या, कळसापर्यंत पांढऱ्या कापडाची लांबच लांब धज बांधतात. खाली माणसांची दाटी, सगळ्यांच्या माना वर, आणि डोक्यावरून ते कापड हळूहळू पुढे सरकत जातं. दुसरं टोक बळीच्या कळसाला पोहोचलं की हर हर महादेवचा गजर उठतो.

लग्न इथेच का, याचीही कथा आहे. कैलासावर सारीपाटात महादेव हरले, रुसले आणि थेट या डोंगरात तपाला येऊन बसले. पार्वती भिल्लिणीच्या रूपात मागोमाग आली, तिने त्यांना भुलवलं आणि पुन्हा लग्न लागलं. गाभाऱ्यात दोन लिंगं आहेत, शिवाचं आणि शक्तीचं. मेसेजवाल्याला कोपणारा देव हवा होता. इथला देव डावात हरल्यावर रुसून बसणारा नवरदेव आहे! चोरावर कोपायच्या भानगडीत तो कशाला पडेल?

‘कावडीत गंगाजल असतं.’ हा घोटाळा उत्तरेतल्या श्रावणातल्या कांवडींचे व्हिडिओ बघून झाला असावा. शिखराच्या कावडी चैत्रातल्या, आणि सासवडच्या भुतोजी तेली यांच्या मानाच्या कावडीतलं पाणी कऱ्हा नदीचं. चैत्राच्या उन्हात पुरंदरहून माणसं ते खांद्यावर घेऊन चालत येतात. द्वादशीला मुंगी घाटाच्या पायथ्याशी कोथळ्याकडच्या बाजूला कावडी जमतात आणि चढण सुरू होते. कड्यासारखा उभा चढ, पायाखाली सुटे दगड, खांद्यावर तांब्याचे अवजड रांजण. पुढच्यांनी हात धरून ओढायचं, मागच्यांनी रेटा द्यायचा, अशी माणसांची साखळी लागते. आणि हाक कोणती? “म्हाद्या, धाव!” देवाला सरळ अरे-तुरे. ज्याच्या कोपाची धास्ती असते, त्याला असं कुणी हाकारत नाही. वर पोहोचलेल्या त्या पाण्याने मग देवाला अंघोळ घालतात.

शिवाजी महाराजांनी मंदिर बांधल्याचं वाक्य वाचून कुणाचीही छाती फुगेल, पण कालगणना जुळत नाही. शंभू महादेव हे भोसले घराण्याचं दैवत, हे खरं. महाराजांनी जीर्णोद्धार केला असं सांगतात, तेही मानू. पण यात्रेकरूंच्या पाण्यासाठी इथलं मोठं तळं बांधलं ते मालोजीराजांनी, म्हणजे महाराजांच्या आजोबांनी. माणसारख्या कोरड्या मुलखात तळं बांधायची गरज पडावी इतकी गर्दी तेव्हाच होती, म्हणजे देऊळ त्याच्याही आधीचं. गावाचं नाव तर परंपरेने १३व्या शतकातल्या सिंघण या यादव राजाशी जोडतात. नातवाचं मोठेपण सांगायला आजोबांचं तळं बुजवायची काही गरज नाही.

शेवटचा मुद्दा सगळ्यात घातक, कारण तो वाचून माणसं खरोखर निघतात. मुंगी घाट ही कावडकऱ्यांची वाट आहे. यात्रा पुरी व्हायला तो चढावाच लागतो असा काही दंडक नाही. फलटणकडून डांबरी रस्त्याने गाडी वर गावापर्यंत जाते, पुढे पायऱ्या. म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बाया याच वाटेने जातात. द्वादशीला घाट बघायचाच असेल तर दुपारीच वर जाऊन कडेला जागा धरा, पाण्याची बाटली भरून घ्या, आणि कावड जवळ आली की मोबाईल खिशात घालून वाट मोकळी करा.