डबा एकाचा, पिशवी दुसऱ्याची, गळती माझी

शॉवरखालच्या भिंतीला टाइल लावायची आहे. कोयना धरण बांधायचं नाहीये. तरी ह्या एवढ्याशा कोपऱ्यापायी माझं डोकं फिरायची वेळ आली आहे, कारण मी जो एकच प्रश्न विचारते त्याचं सरळ उत्तर द्यायला कोणी तयार नाही. खाली जे वॉटरप्रूफिंग मारणार, त्याच्यावर टाइल चिकटवायचं हे ॲडहेसिव्ह धरणार का? दोन्ही माल एकाच दुकानात, एकाच रॅकवर, एकमेकांना टेकून ठेवलेला असतो. पण हा प्रश्न विचारला की दुकानदाराला नेमका फोन येतो.

आधी त्या ॲडहेसिव्हच्या पिशव्यांचंच घ्या. वीस किलोची पिशवी आणि नावं काय, तर प्लस, सुपर, प्रो, अल्ट्रा. "ताई, हे न्या, सगळ्याला चालतं." सगळ्याला म्हणजे कशाला? खरी माहिती त्याच पिशवीच्या मागे मुंगीच्या अक्षरात छापलेली असते: आयएस 15477 ह्या भारतीय मानकाप्रमाणे टाइप कितवा, नाहीतर सी 2 टी ई एस 1 अशी अक्षरं. सी म्हणजे सिमेंटवालं. 2 म्हणजे जास्त पकडीचं. सी 1 ला चौरस मिलिमीटरमागे निदान 0.5 न्यूटन पकड लागते, सी 2 ला 1 न्यूटन, म्हणजे सरळ दुप्पट. टी असेल तर भिंतीवर टाइल खाली घसरत नाही, ई असेल तर माल पसरल्यावर टाइल टेकवायला जरा जास्त वेळ मिळतो, आणि एस 1 म्हणजे थोडं लवचीक. पाच मिनिटांत कळण्यासारखं आहे हे. पण ज्याचं दुकानच ह्यावर चालतं त्या माणसाने ती पिशवी आजवर उलटी करून बघितलेली नाही! मी काउंटरवर उलटी केली तर म्हणतो, "ताई, तुम्ही इंजिनियर आहात का?" नाही हो. मला वाचता येतं.

वरून बादलीतलं तयार ॲडहेसिव्ह गळ्यात मारायला बघत होता. "झाकण उघडा, लावा, मिक्सिंगची कटकटच नाही." ते कोरड्या भिंतीला, स्वयंपाकघराच्या ओट्यामागे वगैरे ठीक. ते वाळतं तेच मुळी पाणी उडून गेल्यावर. रोज दोन-तीन माणसं अंघोळ करणार त्या भिंतीवर, मोठ्या टाइलच्या मागे, ते वाळणार कधी आणि वाळलंच तर पुन्हा मऊ पडणार नाही ह्याची खात्री कोण देणार? परत फोन आला त्याला.

मिस्त्रीचं तत्त्वज्ञान वेगळं. "वहिनी, वीस वर्षं सिमेंटवर लावतोय, एक टाइल पडली नाय." न पडायला काय झालं? तेव्हाच्या सिरॅमिक टाइल पाण्यात भिजत घालायचे, पाठ सच्छिद्र असायची, सिमेंटचा घोळ आत मुरायचा. आता दोन बाय चार फुटांची व्हिट्रिफाइड आणतो आपण, ती वजनाच्या अर्धा टक्काही पाणी पीत नाही. सिमेंट मुरणार कुठे? हे समजावून घसा कोरडा केला. आणि दुसऱ्या दिवशी हाच गृहस्थ म्हणतो, ॲडहेसिव्हच आणा, पण अमुकच कंपनीचं आणा. का, ते पिशवी फोडल्यावर कळलं. आधी आत हात, मग मिस्त्रीच्या बक्षिसाचं कूपन बाहेर, मग मोबाइलवर स्कॅन, आणि मग पाणी. पाणी तरी मोजून? पिशवीवर लिटरमध्ये माप दिलंय. आमच्याकडे माप म्हणजे नळ. घमेल्यातला माल घट्ट व्हायला लागला की वर अजून एक मग ओतायचा आणि काठीने ढवळायचं, जसं काही कालचं पिठलं आहे!

बेसिनमागच्या कोरड्या भिंतीला पहिली टाइल लागली आणि मी ती लगेच काढायला लावली. तोंड वाकडं करत काढली. पाठीवर मालाचे पाच गोळे, चार कोपऱ्यांत चार आणि मधे एक. बाकी सगळी पाठ कोरी. भट्टीतून आलेली पांढरी भुकटीसुद्धा तशीच. ओल्या फडक्याने पुसायची असते ती, बोट फिरवलं तर बोट पांढरं. शॉवरकडेही हा असंच लावणार! ओल्या जागेत टाइलच्या पाठीला निदान 95 टक्के माल लागलेला हवा. गोळ्यांच्या मधल्या पोकळीत पाणी साचणार, तिथे कुजका वास सुटणार, आणि एखादं जड काही आपटलं की नेमकी तिथेच चीर जाणार. माल सगळीकडे सारखा पसरायची दात्याची थापी कुठाय विचारलं तर म्हणे गाडीत आहे. ती अजून गाडीतच आहे.

हे सगळं मी एक वेळ सहन केलं असतं. पण वॉटरप्रूफिंगने कहर केला. ठेकेदार म्हणतो विटांच्या तुकड्यांचा कोबा घालू, दहा वर्षं बघायला नको. दुकानदार म्हणतो सिमेंटमध्ये लेटेक्स कालवा आणि मारा. कंपनीचा माणूस दोन घटकांचं आणतो, पावडर आणि लिक्विड, ब्रशने दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा, कोपऱ्यात फायबरची जाळी. चौथा म्हणतो हे सगळं जुनं झालं, पॉलियुरेथेनच मारा, वाळल्यावर त्याचा रबरासारखा पडदा होतो, ताणला तरी फाटत नाही. बरं, मारते. पण त्या गुळगुळीत पडद्याला सिमेंटवालं ॲडहेसिव्ह नीट धरत नाही. शेवटचा हात ओला असतानाच त्यावर कोरडी क्वार्ट्झची वाळू भुरभुरवावी लागते. हे मला चौघांपैकी कोणी सांगितलं? कोणीच नाही. डब्याबरोबरच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं.

वॉटरप्रूफिंगवाल्यांच्या हेल्पलाइनला विचारलं तर, "मॅडम, वर ॲडहेसिव्हही आमचंच वापरा." ॲडहेसिव्हवाले म्हणतात, "खालचा पृष्ठभाग योग्य असेल तरच आमची वॉरंटी." योग्य कोण ठरवणार? "साइट कंडिशनवर डिपेंड आहे मॅडम." म्हणजे डब्याची जबाबदारी डब्याच्या झाकणापर्यंत आणि पिशवीची पिशवीच्या शिवणीपर्यंत. मधे जिथे एक थर दुसऱ्याला चिकटायचा, जिथे उद्या सुटायचं ते सुटणार, तिथे ह्यांच्यापैकी कोणी उभंच राहत नाही.

आणि कृपा करून मला कोणी "ॲडहेसिव्हच वॉटरप्रूफ आहे" असं सांगू नका. पाण्यात त्याची पकड सुटत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पाणी ते अडवत नाही. टाइलच्या फटींत इपॉक्सी ग्राउट भरलं म्हणून खालचं वॉटरप्रूफिंग माफ, असंही नसतं. नहाणी ट्रॅपचा, म्हणजे जमिनीतल्या जाळीखालचा, प्लॅस्टिकचा पाइप आणि स्लॅब ह्यांच्या सांध्यातून पाणी उतरतं बहुतेक ठिकाणी, आणि तिथे हे लोक सिमेंटचा एक हात फिरवून उठतात. आज रात्री कोटिंग, उद्या सकाळी टाइल, ही त्यांची घाई. डब्यावर वाळायचे दिवस लिहिलेत ते बहुधा शोभेला. सगळं धड झालंच, तर शेवटी काचेच्या पार्टिशनवाला येतो आणि खाली पट्टी बसवायला ड्रिल लावून त्या पडद्याला ओळीने भोकं पाडून जातो. त्याला कोणी सांगितलेलंच नसतं की खाली काही आहे.

गळलं की मात्र सगळ्यांना नियम पाठ. सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे संडास-बाथरूमच्या आतल्या गळतीचा खर्च सभासदाच्या माथी. खालच्या काकू छताचा फोटो मला पाठवणार, दुकानदाराला नाही, हेल्पलाइनला नाही. "अगं, ओल वाढलीये बघ," म्हणून.

ठेकेदाराला सांगून टाकलंय. दोन्ही कंपन्यांची माहितीपत्रकं माझ्यासमोर ठेवायची, ह्याच्यावर हे चालतं असं त्यात छापलेलं दाखवायचं, ट्रॅपचं तोंड बंद करून 48 तास पाणी भरून ठेवायचं, खाली काकूंकडे जाऊन छत बघून यायचं, मगच शॉवरकडची पहिली टाइल. पार्टिशनची पट्टी खाली स्क्रूने नाही, चिकटवून बसवायची. "एवढं कोणी करत नाय, वहिनी." माहितीये मला. इमारतीच्या पाइपांच्या डक्टकडच्या भिंती खालपासून वरपर्यंत हिरव्या झाल्यात, त्या बघूनच कळतं.

आणि हो, पिशव्यांतली कूपनं ह्यापुढे मी काढून घेणार आहे. दात्याची थापी गाडीतून उतरली की परत देईन.